परिशिष्टातली अकरावी

४ मार्च, सोमवार

ताई,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते म्हणून विचारतो. खोकला कसा आहे? खोलीतली तुझी मैत्रीण अजून तशीच घोरते का, की तुझ्या चिमट्यांचा काही उपयोग झाला? मी बरा आहे. वेळेवर जेवतो. म्हणजे वेळेवर नाही, पण जेवतो.

फोन का नाही केला म्हणून चिडू नकोस. कारखान्याच्या वसतिगृहात फोन मेट्रनबाईंच्या टेबलावर, बोलणार तू आणि ऐकणार त्या. म्हणून हे पत्र फाटकासमोरच्या शिंपीणबाईंकडे ठेवतोय. तुझ्या शिवायला टाकलेल्या एप्रनमध्ये गुंडाळून देतील. "प्रेमपत्र आहे का रे?" म्हणाल्या. मी म्हटलं, "बहिणीला कोण प्रेमपत्र लिहितं?" तर म्हणाल्या, "तुझा काही नेम नाही."

माझी नोकरी चालू आहे. ग्रंथालयाच्या तळघरातली तीच खोली, तोच कुरकुरणारा पंखा. विद्यापीठात ज्याला पीएच.डी. मिळते त्याचा प्रबंध आमच्याकडे येतो. मी त्याची फाईल संगणकावरच्या भांडारात चढवतो, नाव-विषय-वर्ष भरतो, की तो प्रबंध जगातल्या कुणालाही घरबसल्या फुकट वाचता येतो. याला ओपन ॲक्सेस म्हणतात. आमच्या ग्रंथपाल बाईंना याचं वेड आहे आणि त्यांच्यामुळे मलाही लागलं. तू म्हणशील, कॉलेज अर्धवट सोडलेल्याला कसली आली संशोधनाची काळजी. पण ऐक तरी. प्राध्यापक संशोधन करतात, लेख लिहितात, बाहेरच्या मोठ्या नियतकालिकाला तो फुकट देतात. दुसरे प्राध्यापक तो फुकट तपासतात. आणि मग ते नियतकालिक तोच लेख आमच्याच ग्रंथालयाला विकतं, तोही असा की बाहेरच्या माणसाला एक पान दिसू नये. हे कळलं तेव्हा मी बाईंना म्हटलं, ही तर दरोडेखोरी आहे. त्या म्हणाल्या, "हळू बोल. त्यांचा प्रतिनिधी वर चहा पितोय."

पण प्रत्येक प्रबंध लगेच खुला होत नाही. काहींना मुदत असते. लिहिणाऱ्याला पुस्तक काढायचं असतं, किंवा आत कुणाच्या खाजगी गोष्टी असतात. मग आम्ही तारीख घालतो. त्या तारखेपर्यंत कुलूप. एम्बार्गो म्हणतात त्याला.

हे सगळं सांगायचं कारण असं की प्रश्नवालीचा प्रबंध आमच्याकडे जमा झाला. तिला प्रश्नवाली हे नाव तुम्हीच ठेवलं होतं, मी अजून तेच वापरतो, मनात. गेल्या वर्षी मीच तिला तुमच्याकडे घेऊन आलो होतो. शिंपीणबाईंच्या मागच्या खोलीत तुम्ही अकरा जणी एकेक करून तिच्याशी बोललात, बॅटरीच्या कारखान्यात शिशाचं काम करताना शरीराचं काय होतं ते. तिने सगळ्यांची नावं काढून टाकली आणि आकडे दिले. तू शेवटी बसलीस, म्हणून तू अकरावी.

तिच्या प्रबंधावर तीन वर्षांची मुदत होती. तर मागच्या आठवड्यात काहीतरी तांत्रिक घोटाळा होऊन तो थोडे दिवस उघडा राहिला. आता बंद केलाय. काळजीचं काही नाही. नावं नाहीतच त्यात.

फक्त कुणी विचारलं तर प्रश्नवाली तुला कधी भेटलीच नव्हती असं सांग. रक्ताच्या तपासणीबद्दल तू कुणाशीही काहीही बोललेली नाहीस. मैत्रिणीलाही सांगून ठेव. आणि पाळी सुटली की सगळ्यांबरोबर बाहेर पड, एकटी मागे थांबू नकोस.

हे उगाच आपलं. मी जरा जास्त विचार करतो हल्ली.

मुकादम नेहमीसारखाच वागतो ना? खेकसतो ना? अचानक गोड वागायला लागला तरी मला कळव.

तुझा,
आग्या


९ मार्च, शनिवार

ताई,

शिंपीणबाईंनी तुझा कागद दिला. मापं लिहायच्या कागदावर एकच ओळ. "उघडा राहिला, की तू उघडलास?" दुकानाच्या पायरीवर उभा राहून वाचलं. शिंपीणबाई मशीन थांबवून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. म्हणजे चेहऱ्यावर दिसलं असणार.

मी उघडला.

आता सगळं लिहितो. मध्ये शिव्या द्याव्याशा वाटल्या तर दे, पण शेवटपर्यंत वाच.

ती तळघरात यायची, ताई. वर मोठी हवेशीर वाचनखोली आहे, खिडक्या आहेत, पण ती खाली येऊन माझ्या टेबलापाशी बसायची, कारण खाली कुणी बोलत नाही. मी तर नाहीच, माझी जीभच उचलायची नाही. सकाळपासून बिनखिडकीच्या खोलीत बसलेल्या माझ्याकडे, बाहेरून आत आलेली ती चौकशी करायची, "ऊन पडलंय का रे बाहेर?" इतकी ती स्वतःत असायची. तिने 'रे' म्हटलं की माझा पुढचा सगळा दिवस चुकायचा. एकदा तर एका प्रबंधाच्या लेखकाच्या जागी मी तिचंच नाव भरलं. विषय होता मत्स्यबीज.

जमा करायच्या दिवशी ती कँटीनमध्ये माझ्यासमोर बसून रडली. तिच्या मार्गदर्शक सरांनी मुदतीचा कागद भरला होता. तीन वर्षं कुणी वाचायचं नाही. तुमच्यासाठी नाही हं. सरांना तिच्याच कामातून दोन लेख काढायचे आहेत, वर स्वतःचं नाव घालून, त्या महागड्या नियतकालिकात. तोवर प्रबंध बाहेर आला तर त्यांचं शिळं होतं. ती म्हणाली, "तीन वर्षांनी काय उपयोग? तोवर त्यातल्या कितीजणी उभ्या असतील?" मी विचारलं, "तुला खुला हवा आहे?" ती म्हणाली, "मला काय हवंय याला कोण विचारतं." आणि जाताना म्हणाली, "फक्त परिशिष्ट कधीच नाही उघडायचं. मुलाखती आहेत त्यात."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं, ताई. ऐकलं नव्हतं असं नाही. पण माझ्या डोक्यात सर होते. आमच्या बाईंकडे गेलो, त्यांना म्हटलं, हा अन्याय आहे. त्या म्हणाल्या, आहे, मी सरांशी बोलते, समितीपुढे ठेवू, महिनाभर थांब. मला महिनाभर थांब म्हटलं की काय होतं ते तुला माहीत आहे. कॉलेज असंच सुटलं.

पुढच्याच सोमवारी मी तिच्या नोंदीवरची तारीख काढून टाकली.

आता चूक कुठे झाली ते सांगतो, कारण ती फक्त आमच्यासारख्याकडूनच होऊ शकते. एका नोंदीखाली दोन फायली होत्या, प्रबंध आणि परिशिष्ट. नियम असा की परिशिष्टाला स्वतःचं वेगळं कुलूप घालायचं. त्यात चार ठिकाणी जाऊन खुणा कराव्या लागतात, म्हणून आम्ही सगळेच तो खटाटोप टाळतो आणि पूर्ण नोंदीलाच एक तारीख घालून मोकळे होतो. बाहेरून दिसायला सारखंच. जमा करताना मीही तेच केलं होतं. त्यामुळे तारीख काढली तेव्हा एक नाही, दोन्ही दारं उघडली. आणि मी समोर बसून खूश होत होतो. आमच्याकडे एक नकाशा असतो, जिथे कुणी फाईल उतरवून घेतली तिथे ठिपका पेटतो. तिच्या नावापुढे ठिपके पेटत होते. मला वाटलं, हे तिला दाखवीन आणि ती माझ्याकडे एकदा तरी नीट बघेल.

बघितलं तिने.

"कुणी उघडला? सरांनी परवानगी दिली?"

"मी उघडला."

ती एकदम हसली. खरंच हसली, ताई, ते मी विसरणार नाही. मग हसू थांबलं आणि म्हणाली, "परिशिष्ट बंद आहे ना?"

मी पडद्यावर उघडून दाखवलं. तिथे हिरवी खूण होती, म्हणजे उघडं.

ती ओरडली नाही. दोन कपाटांच्या मधल्या फरशीवर जाऊन बसली. "अकरा जणींना मी शब्द दिला होता," म्हणाली. "तू कोण रे?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी केलं."

"हे परत कुणापुढे बोलू नकोस. माझ्यापुढे तर नाहीच."

त्यानंतर ती माझ्याशी कामाशिवाय एक शब्द बोललेली नाही.

बाईंनी आधी फाईल बंद केली, मग मला बसायला सांगितलं, मग दार लावलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "उघडायचं कसं ते यंत्रालाही येतं. उघडायचं की नाही आणि काय, एवढंच आपल्याला ठेवलंय करायला. तेवढंही तुला जमू नये?" मी म्हटलं, बंद केलं ना आता. तेव्हा त्यांनी मला जे समजावलं ते मला आधीच माहीत होतं, पण मी त्याचा विचार केला नव्हता. आमच्या भांडारात काही नवं आलं की दुसरीकडची यंत्रं रोज येऊन त्याची प्रत उचलून नेतात. तसंच ठरलेलं आहे, त्यासाठीच तर हे सगळं उभं केलंय. एक जागा बुडाली तरी ज्ञान बुडू नये. आपण आपलं दार बंद केलं तरी त्या प्रती तिथेच. बाई सगळ्यांना पत्रं लिहीत बसल्यात. काहींनी काढलं. काहींनी "आपली विनंती मिळाली" एवढंच कळवलं. काही ठिकाणी माणूसच नाही, नुसतं यंत्र आहे.

आणि काल एक माणूस आला.

कडक इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकचं फोल्डर. मी त्याला मनात इस्त्रीवाला म्हणतो. माझ्याच टेबलाशी आला, कारण बाहेरच्या पाटीवर 'प्रबंध विभाग' लिहिलंय. फार अदबीने बोलत होता.

"एक मदत हवी होती. हे मी इंटरनेटवरून छापून घेतलं, पण अर्ध्यातच तुटलंय बघा. पुढची पानं कोरी येतात."

फोल्डरमध्ये तुमच्या मुलाखती होत्या. ओळीओळीला पिवळा रंग मारलेला. नवव्या मुलाखतीच्या मध्यावर छपाई तुटली होती.

"ही फाईल आता उपलब्ध नाही," मी म्हटलं.

"हो, तुमच्याकडे दिसत नाही. म्हणून तर आलो. तुमच्याकडे मूळ असेल ना?"

"कशासाठी हवंय?"

"वाचनाची आवड आहे," तो म्हणाला. "माणसं किती मोकळेपणी बोलतात नाही? समोरासमोर बोलत नाहीत कधी एवढं."

मी म्हटलं, प्रिंटर बंद आहे. त्याच वेळी पलीकडे प्रिंटरने एक पान बाहेर टाकलं. तो हसला, मीही हसलो. मग उगाच इकडचं-तिकडचं विचारत बसला. पंखा किती आवाज करतो, इथे ऊन येत नाही का. "तुम्ही इथेच शिकलात?"

"अर्धवट."

"का सोडलंत?"

"नाही जमलं."

"होतं असं," तो म्हणाला आणि पुन्हा येतो सांगून गेला.

तो कुठून आला होता हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. फोल्डरवर तुमच्या कारखान्याचं चिन्ह छापलेलं होतं, एप्रनवर असतं ते.

ताई, तो वेल्डर आठवतो? ज्याने धुराबद्दल तक्रार केली होती आणि मग म्हणाले, जिन्यावरून पडला. तो बैठ्या शेडमध्ये काम करायचा. तिथे जिना कुठून आला, हे तूच मला विचारलं होतंस, भांडी घासता घासता, अगदी सहज.

तू प्रश्नवालीला काय सांगितलंस ते मी वाचलेलं नाही. चढवताना आम्ही वाचत नाही, फाईल उघडते का आणि पानं सरळ आहेत का एवढंच बघतो. तिने वरवर सांगितलं तेवढंच माहीत आहे, की तपासणीची गाडी आली की शिशाच्या ओतकामातल्या बायकांचे बिल्ले तुम्हा पॅकिंगवाल्यांच्या गळ्यात घालतात, तोंडावर मास्क असतोच, आणि त्यांच्या नावाने तुम्ही रक्त देता. अहवाल स्वच्छ येतो. तू तुझ्या मैत्रिणीच्या नावाने दिलंस. हे सगळ्यांनीच सांगितलंय, तेव्हा त्यावरून एकटीला कुणी ओळखणार नाही.

नाही ना?

तुझा,
आग्या


१२ मार्च, मंगळवार

ताई,

आज खुशाली विचारत नाही. हे पत्र शिंपीणबाई तुझ्या हातात स्वतः देतील, एप्रनमध्ये नाही. वाचून तिथेच फाड.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मी वाचलंय. ती फरशीवर बसली होती ना, त्याच दिवशी, ती गेल्यावर मी परिशिष्ट उघडलं आणि सरळ शेवटच्या मुलाखतीवर गेलो. अकरावी. पहिल्या ओळीलाच तुझा आवाज ऐकू आला. प्रश्नवालीने तुझं वय बदललंय, पॅकिंगच्या जागी दुसरं काहीतरी घातलंय, पण "आता हे बघा" असं म्हणून तू बोलायला लागतेस ते तिने तसंच ठेवलंय.

तुला मी हे लिहिणार नव्हतो. तू मला हे कधी सांगितलं नाहीस, म्हणजे मला कळावं अशी तुझी इच्छा नव्हती. पण आता ते पान जगात फिरतंय आणि ते मी वाचलं नाही असं दाखवून तुझा जीव वाचणार नाही.

तू म्हणालीस, "आता हे बघा, माझा भाऊ कॉलेज अर्धवट सोडून आला. डोकं गरम. त्याला वाटलं मी रागावले. राग नव्हता हो, भीती होती. तो दुसऱ्याच दिवशी आमच्या फाटकावर भरतीच्या रांगेत उभा राहिला, ओतकामासाठी. मी मुकादमाकडे गेले. सगळ्या जणी जातात, माझ्या भावाला घ्या म्हणून. मी म्हटलं, माझ्या भावाला घेऊ नका. तो हसला. म्हणाला, मग माझं काय काम करशील? तेव्हापासून गाडी आली की पहिलं रक्त माझं. ज्या नावाने सांगतील त्या नावाने. ते पाप आहे हे मला कळतं. त्या बायकांना बरं नाही आणि कागदावर त्या ठणठणीत आहेत, ते माझ्या रक्तामुळे. पण भाऊ बाहेर आहे."

त्या दिवशी रांगेतून मला हाकललं तेव्हा मी मुकादमाच्या अंगावर धावून गेलो होतो. माझ्यात काय कमी आहे, विचारलं. तो म्हणाला, "घरी जा, बहिणीला विचार." मला वाटलं टोमणा मारतोय. शिवी घातली मी त्याला. आठवडाभर तुझ्याशीही बोललो नाही, का तर तू माझी शिफारस केली नाहीस म्हणून.

याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही. भेटलो की बघू. कदाचित तेव्हाही नाही जमणार.

आता कामाचं. ताई, इस्त्रीवाल्याला तू सापडायला वेळ लागेल. पण मुकादमाला नाही. त्याच्याकडे आजवर भावाला घ्या म्हणणाऱ्या किती आल्या असतील, घेऊ नका म्हणणारी एकच. ते पान त्याच्या हातात पडलं की त्याला नाव लागत नाही, आकडा लागत नाही. आणि मी मूर्खासारखा इस्त्रीवाल्याला सांगून बसलोय की मी अर्धवट सोडलं.

आज दुपारी तो परत आला. मी रॅकमागे होतो, त्याने तिथेच येऊन गाठलं.

"तुमचा त्रास वाचवला," म्हणाला. "दुसऱ्या एका ठिकाणी पूर्ण मिळालं. आज संध्याकाळपर्यंत छापून येईल."

मी हातातला प्रबंध रॅकवर उलटा ठेवला.

"तुमचं काम मात्र छान आहे हं," तो म्हणाला. "सगळं सगळ्यांसाठी खुलं. नाहीतर आमच्यासारख्याला कुठून मिळालं असतं?"

तो टिंगल करत नव्हता ताई, तेच वाईट. मनापासून बोलत होता. बाई मला दीड वर्षं हेच शिकवतायत, याच शब्दांत. ते शब्द खोटे नाहीत. आजही मला वाटतं की त्या वेल्डरच्या घरच्यांना, तुझ्या मैत्रिणीला, तिच्या डॉक्टरला तो प्रबंध फुकट वाचता आला पाहिजे. पण दार उघडताना तू आत बसलेली होतीस, आणि मी बघितलंच नाही.

तो गेल्यावर मी थेट बाईंच्या खोलीत गेलो. प्रश्नवाली तिथेच होती. मी म्हटलं, मी आत्ता जातो आणि ताईला उचलून आणतो, फाटक तोडावं लागलं तरी. प्रश्नवाली म्हणाली, "परत?"

एवढंच म्हणाली. मी बसलो.

मग तिने सांगितलं आणि बाईंनी लिहून घेतलं, आणि मी तुला जसंच्या तसं कळवतोय, माझं काही न घालता. रस्ते दोन आहेत. एक म्हणजे तू आणि तुझी मैत्रीण दोघींनी निघायचं. गुरुवारी दुपारची पाळी सुटताना बाई त्यांची गाडी घेऊन शिंपीणबाईंच्या दुकानामागे थांबतील. त्यांच्या घरी वरची खोली रिकामी आहे, तिथे हवे तितके दिवस राहा. सामान आणू नका, रोजच्यासारख्या हात हलवत बाहेर पडा. दुसरा म्हणजे तुम्ही स्वतःच आधी बोलायचं. कामगार खात्याची आरोग्य अधिकारी बाई आमच्या बाईंच्या ओळखीची आहे. तिच्यापुढे तुम्ही स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खऱ्या रक्ताने उभ्या राहिलात तर मुकादमाला तुम्हाला शोधून काढण्यासारखं काही उरत नाही. प्रश्नवाली तुमच्या आवाजाच्या टेप घेऊन बरोबर येईल. तिने सरांना सांगूनही टाकलंय. सर म्हणाले, मग लेखांवर तुझं नाव विसर. ती म्हणाली, विसरले.

यात धोका नाही असं नाही. दुसऱ्याच्या नावाने रक्त दिलं म्हणून तुलाही धरतील कदाचित. प्रश्नवाली म्हणते, हे तिला स्वच्छ सांग, लपवू नकोस. सांगितलं.

बाकीच्या दहा जणींना ती स्वतः भेटणार आहे, उद्यापासून. तुला मात्र म्हणाली, तू सांग. ते तिने शिक्षा म्हणून सांगितलं की विश्वास म्हणून, ते मला कळलं नाही आणि विचारायचं धाडस झालं नाही. ती आता माझ्याशी बोलते, पण तुमच्यापुरतंच. तेवढंही माझ्या लायकीपेक्षा जास्त आहे. माझ्या नोकरीचं विचारू नकोस. तारीख माझ्या नावाने काढली गेल्याची नोंद यंत्रात आहे, आणि नसती तरी मी बाईंना आधीच सांगितलंय.

मला खूप भीती वाटते, ताई. आत्ता हे लिहिताना समोरच्या खोलीत कुणी खुर्ची सरकवली तरी दचकतो. तुझ्या पाळीचा भोंगा इथे ऐकू येत नाही, तरी त्या वेळेला कान टवकारतो. मुकादमाच्या हातात ते पान असेल का आत्ता, तो वाचायला किती वेळ घेत असेल, त्याला वाचून दाखवायला कुणी लागत असेल का, असलं काहीतरी डोक्यात चालू असतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटतंय की कुणालाच वाचता येत नसतं तर बरं झालं असतं.

तू कुठलाही रस्ता घे. दोन्ही नको असतील तर तसं सांग. तुझ्या वतीने मी आता काहीच उघडणार नाही आणि काहीच बंद करणार नाही. पण गुरुवारी मी येणार. दुकानापाशी नाही, फाटकासमोर, जिथे भरतीची रांग लागते तिथे. पाळी सुटून शेवटची बाई बाहेर पडेपर्यंत उभा राहीन. तू त्यांच्यात नसलीस तर काय करायचं ते मला माहीत नाही. मागचा मी असतो तर फाटकावरून उडी मारली असती. ती मारणार नाही. ज्यासाठी तू एवढं केलंस ते मी एका उडीत घालवणार नाही, एवढं तरी मला त्या पानावरून कळलंय.

बाहेर ये, ताई.

तू आत येऊ दिलं नाहीस म्हणून बाहेर उभा असलेला,
तुझा भाऊ